फार्गोच्या पट्ट्या

जुन्या पिकअपच्या अंगावर चमकती पट्टी चढवायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी पट्टीकडे जातं. खरं काम दरवाजापासून सुरू होतं. बिजागरीच्या खिळी झिजल्या की दरवाजा मागच्या बाजूने खाली येतो. तीन-चार मिलिमीटरच येतो, पण पट्टी बोनेटपासून हौद्यापर्यंत एका रेषेत धावते, त्यामुळे तेवढी पायरीसुद्धा रस्त्याच्या पलीकडून डोळ्यांत खुपते. आमच्या फार्गो पिकअपच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दरवाजाची हीच गत होती. इतकी वर्षं चढताना-उतरताना प्रत्येकाने त्याच दरवाजावर भार टाकलेला.

फार्गो १९५१ ची. धुळ्याच्या घरात ती आजोबांपासून आहे. नंदुरबारची मिरची, जिनिंगमधली सरकीची पोती आणि लग्नसराईत मागे सतरंजी टाकून बसलेलं वऱ्हाड, सगळं तिने वाहिलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात, त्या घराण्यातली ही. डॉज, डिसोटो आणि फार्गो या तीन नावांखाली मुळात एकच ट्रक विकला जाई. नावाच्या पाट्या आणि थोडीफार सजावट वेगळी, आतला सांगाडा आणि सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन तेच. सुटे भाग शोधणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं. नुसतं ‘फार्गोचं आहे का’ विचारलं तर भंगारवाला मान हलवतो, आणि त्याच्याच मागच्या ढिगात डॉजचा हवा तो तुकडा धूळ खात पडलेला असतो. बिजागरीच्या खिळी आणि केबिनखालची रबरं आम्हाला अशीच डॉजच्या नावावर मिळाली.

पट्ट्या मात्र कंपनीच्या नव्हेत. आजोबांनी गाडी घेतल्यावर मुंबईतल्या एका बॉडीवाल्याकडून त्या मुद्दाम लावून घेतल्या होत्या. ॲल्युमिनियमच्या, अर्धगोल, दोन बोटं रुंद. प्रत्येक बाजूला चार तुकडे. एक बोनेटवर, एक दरवाजावर, एक केबिनच्या मागच्या कोपऱ्यावर आणि सगळ्यात लांब, जवळपास दोन मीटरची, हौद्यावर. वडिलांच्या मनात गाडी म्हणजे त्या पट्ट्या. मधल्या काळात कुणीतरी त्या काढून पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या होत्या. गाडी नव्याने रंगवायची ठरली तेव्हा पोतं खाली आलं. डाव्या कोपऱ्याची पट्टी गायब, उजव्या हौद्याच्या पट्टीला पोचेच पोचे, बाकीच्या काळवंडलेल्या. धाकट्या भावाचं म्हणणं होतं की बाजारात चिकटवायची प्लास्टिकची क्रोम पट्टी मिळते, मीटरवर घ्यायची आणि लावून मोकळं व्हायचं. मला ते अजिबात पटलं नाही. जी वस्तू घरात आहे, धातूची आहे, दुरुस्त होण्यासारखी आहे, तिच्या जागी चिकटपट्टी लावणं म्हणजे गाडीचा अपमान आहे असं मी त्याला स्पष्ट सांगितलं आणि आजही तेच सांगेन.

हे काम कुणाकडून करून घ्यायचं याचा विचारच करावा लागला नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला आप्पा राहतात. चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमधून पत्राकामातून निवृत्त झालेले. लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून चढवण्यात त्यांची हयात गेली. आता नजर थोडी अधू झाली आहे असं ते म्हणतात, पण दरवाजाच्या फटीत नुसतं बोट फिरवून ती वर किती आणि खाली किती आहे ते सांगतात. पोतं उघडून दाखवलं तर पट्ट्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. दरवाजाला खालून गुडघा लावून उचललं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, “दरवाजा लटकेल शे. पहिले तो उचल, मंग पट्टीनं पाहू.”

मग खिळी बदलल्या, बुश बदलले. केबिन चॅसीवर ज्या रबरांवर बसते ती दगडासारखी कडक होऊन एका बाजूला चेपली होती, तीही बदलली. केबिन वर आली तशी केबिन आणि हौदा यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी झाली. ही फट पुढे फार महत्त्वाची ठरणार होती. केबिन आणि हौदा हे दोन वेगळे भाग चॅसीवर स्वतंत्र बसवलेले असतात. खड्ड्यातून गाडी गेली की चॅसी पीळ खाते आणि ते दोघे एकमेकांच्या तुलनेत हलतात. म्हणून पट्टी या फटीवरून अखंड नेता येत नाही. तिथे तोडावीच लागते, आणि दोन टोकांमध्ये चांगली बोटभर जागा ठेवावी लागते.

पट्ट्या साफ करण्याचं काम माझ्याकडे आलं. जुन्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बहुधा ॲनोडायझिंगचा पातळ, कठीण थर असतो. तो काढल्याशिवाय कितीही घासलं तरी चकाकी येत नाही, नुसते ओरखडे पडतात. तो थर कॉस्टिक सोड्याने निघतो. प्लास्टिकच्या टबात आधी पाणी आणि मग त्यात थोडा थोडा सोडा, हा क्रम उलटा करायचा नाही. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि काम अंगणात, मोकळ्या हवेत, कारण ॲल्युमिनियम सोड्यात पडलं की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि तो वायू पेट घेणारा आहे. थोड्याच मिनिटांत पट्टी राखाडी-काळी पडते. ती बाहेर काढून भरपूर पाण्याने धुतली की खालचा उघडा धातू हाताला लागतो. जास्त वेळ ठेवली तर सोडा धातूच खायला लागतो, म्हणून टबापाशी उभं राहायचं, चहाला जायचं नाही.

पोचे काढणं हे मात्र आप्पांचं काम, आणि माझ्या मते सगळ्या कामातला सगळ्यात देखणा भाग. ॲल्युमिनियम जुनं झालं, मार खाऊन कडक झालं की ठोकताना तडकतं. त्याला आधी मऊ करावं लागतं. पण लोखंड तापलं की लाल होतं, तसं ॲल्युमिनियम रंग बदलून काहीच सांगत नाही; ६६० अंशांना ते थेट वितळून खाली पडतं. मग किती तापवायचं हे कळणार कसं? आप्पांनी अंगाला लावायचा साबण घेतला, ओलसर करून पोच्याच्या भोवती घासला आणि गॅसची ज्योत लांबून फिरवत राहिले. साबण आधी पिवळसर झाला, मग तपकिरी, मग काळपट. काळपट झाला तशी ज्योत बाजूला. पट्टी आपोआप थंड होऊ दिली. त्यानंतर तीच पट्टी हाताने वाकेल इतकी नरम झाली होती.

पुढचं ठोकणं बाभळीच्या ठोकळ्यावर. ठोकळ्यात त्यांनी पट्टीच्या आकाराची खाच कोरून घेतली होती, आदल्या दिवशीच. पट्टी उपडी त्या खाचेत ठेवायची आणि आतून लाकडी ठोकणीने, कडेकडून मध्याकडे, हलके हलके मारत यायचं. एकदम मध्यावर मारलं तर धातू ताणला जातो आणि पोच्याच्या जागी टेंगूळ येतं. थोडं ठोकून झालं की वरून बारीक कानस फक्त टेकवून फिरवायची. कानशीने जिथे चमक येते तिथे उंचवटा, जिथे काळं राहतं तिथे खड्डा. मग पुन्हा आतून ठोकायचं. ही कानस धातू काढायला नसतेच, ती फक्त दाखवायला. मी जवळ बसून बघत होतो तेव्हा पहिल्यांदा कळलं की पत्राकाम करणारा माणूस ठोकतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बघण्यात घालवतो.

हरवलेली कोपऱ्याची पट्टी याच ठोकळ्यावर नव्याने घडवली. मिलिमीटरभर जाडीचा मऊ ॲल्युमिनियमचा पत्रा, कोपऱ्याच्या गोलाईप्रमाणे कागदाचा नमुना कापून, खाचेत बसवत बसवत. आतल्या बाजूला दोन्ही कडा आत दुमडलेल्या लागतात, कारण बोल्टचं चपटं डोकं त्या दुमडीत सरकून अडकतं. ती दुमड मारायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

नंतर वॉटर पेपर: ३२०, ४००, ६००, १०००, १५००, २०००, प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेने, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. बफिंग स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या माणसाकडून करून घेतलं. त्याने आधी नकार दिला, लांब पातळ पट्टी चाकात अडकली तर फेकली जाते आणि हात कापतो, हे त्याचं कारण अगदी खरं होतं. पट्टी लाकडी फळीवर खिळपट्ट्यांनी पक्की बांधून नेली तेव्हा तो तयार झाला. आरशासारखी चमक मी आणू दिली नाही. बंपरचा क्रोम जुना आहे, त्याला वयाची झाक आहे. शेजारी पट्ट्या लखलखीत झाल्या असत्या तर गाडी विचित्र दिसली असती. शेवटी वॅक्सचा हात, कारण ॲनोडायझिंग गेलेलं ॲल्युमिनियम उघडं राहिलं की पुन्हा मळकट होतं.

आता भोकं. भोकं रंगाच्या आधी पाडायची, यावर मी ठाम होतो. रंगवलेल्या पत्र्यात ड्रिल घातलं की भोकाची कड उघडी पडते, पट्टीखाली पाणी साचतं आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंजाचे ओघळ सुरू होतात. आधी भोक, मग कड घासून प्रायमर, मग रंग, म्हणजे रंग भोकाच्या आतपर्यंत जातो. जुनी भोकं होतीच, पण दरवाजे उचलले गेल्यामुळे त्यातली बरीच आता रेषेत येत नव्हती. ती वेल्ड मारून बुजवली, वर अगदी पातळ लांबी, म्हणजे पुट्टी.

नवी रेषा आखणं हा तर दिवसभराचा खेळ. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांत सारखी हवा. गवंडी वापरतात तसली पाण्याची नळी लावून मी बोनेटच्या टोकाला आणि हौद्याच्या टोकाला एकाच उंचीच्या खुणा केल्या आणि दोरी ताणली. गणिताने रेषा अचूक होती. आप्पा रस्त्याच्या पलीकडे, पानटपरीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, “दोरी सरय शे, पन गाडी सरय नही. डोयाले काय दिखस ते देख!”

मी तिकडे जाऊन पाहिलं तर खरंच दोरी मागे चढत गेल्यासारखी वाटत होती. कारण बोनेटचा वरचा बाक पुढे उतरता आहे, हौद्याची वरची कड मागे किंचित खाली गेलेली आहे, आणि डोळा रेषेची तुलना जमिनीशी करत नाही, शेजारच्या कडेशी करतो. आम्ही दोरी काढून मास्किंग टेप लावली. टेप उचलून पुन्हा चिकटवता येते, आणि लांबून ती पट्टीसारखीच दिसते. एकाने टपरीपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने टेप दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करायची. शेवटी हौद्याच्या टोकाला रेषा पाण्याच्या नळीच्या खुणेपेक्षा थोडी खाली आली, आणि गाडी एकदम बसकी, रुबाबदार दिसायला लागली.

दुसऱ्या बाजूला तीच मापं टाकली तर जमेना. डावी आणि उजवी बाजू सारखी नव्हतीच. दरवाजाखालची कड डावीकडे सहा मिलिमीटर वर. कुठेतरी जुना मार बसला असेल, किंवा हाताने जुळवलेल्या गाडीत तेवढा फरक मुळातच असतो. मी मोजपट्टी घेऊन दोन्ही बाजू एकसारख्या करायच्या मागे लागलो, तेव्हा आप्पांनी विचारलं, “दोन्ही बाजू एकच वखतले कोनले दिखतस?” उत्तर होतं: फक्त समोरून येणाऱ्याला, आणि त्याला दिसतात ती बोनेटवरच्या पट्ट्यांची पुढची टोकं. तेवढी दोन टोकं आम्ही अगदी एका उंचीवर धरली. तिथून मागे प्रत्येक बाजूला तिची तिची रेषा.

दरवाजात ड्रिल मारताना आत काच असते हे विसरून चालत नाही. काच पूर्ण वर चढवली, आणि ड्रिलच्या पात्यावर लाकडाचा छिद्र पाडलेला तुकडा चढवून पाते जेमतेम सेंटिमीटरभर बाहेर ठेवलं, म्हणजे ते जास्त आत जाऊच शकत नाही. टेपवर पंच मारून खूण, आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग मोठं. दरवाजाची पुढची कड उघडताना शेजारच्या पत्र्याच्या फार जवळून फिरते. पट्टीची जाडी त्यात मिळाली की टोक रंग खरवडणार, म्हणून दरवाजाच्या पट्टीचं पुढचं टोक तिरकं कापून चार मिलिमीटर मागे घेतलं.

आणि मग ऊन. धुळे-जळगावकडचं मे महिन्याचं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला सांगायला नको. सावलीत पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. जानेवारीत पहाटे तोच पत्रा गारठलेला. या दोन टोकांत पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. एक मीटर ॲल्युमिनियम दर अंशाला ०.०२३ मिलिमीटर वाढतं, लोखंड साधारण त्याच्या निम्मं, ०.०१२. हौद्याची दोन मीटरची पट्टी पन्नास अंशांत २.३ मिलिमीटर वाढणार, तिच्याखालचा लोखंडी पत्रा १.२. म्हणजे पट्टी पत्र्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त लांब होऊ पाहते. दोन्ही टोकं घट्ट आवळून टाकली तर तो मिलिमीटर जाणार कुठे? मधे फुगणार, क्लिपा सुटणार, किंवा बोल्ट भोकाच्या कडेचा रंग खात बसणार. पूर्वी पट्ट्या ज्याने काढून ठेवल्या त्याने बहुतेक याच कारणाने काढल्या असतील. हौद्याच्या दोन भोकांच्या कडा लांबट झिजलेल्या होत्या.

आप्पांना हे आकड्यांत माहीत नव्हतं, हातात माहीत होतं. “उनमा पत्रा वाढस, तेले जागा ठेव, भाऊ,” एवढंच ते म्हणाले. मग हौद्याच्या पट्टीचा फक्त मधला बोल्ट पक्का केला. तिथून पट्टी दोन्हीकडे अर्धा अर्धा मिलिमीटर सरकायला मोकळी. बाकी बोल्टांची चपटी डोकी पट्टीच्या दुमडीत सरकती, नट नायलॉनच्या वायसरवर, हाताने बसेपर्यंत आणि वर जेमतेम पाव फेरा. हे नट सुटू नयेत म्हणून आत नायलॉनची कडी असलेले नायलॉक घेतले. दरवाजाची पट्टी लहान, तिला मागच्या टोकाला पक्कं केलं, म्हणजे ती वाढेल ती पुढच्या मोकळ्या फटीकडे.

ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मधे पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी सुटते. म्हणून प्रत्येक भोकाभोवती ब्युटिलच्या चिकट रबराचा छोटा तुकडा, जो पाणीही अडवतो आणि दोन धातूंना वेगळंही ठेवतो. पण पट्टीची खालची कड सलग बंद करायची नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ पट्टीमागे शिरणारच. वाट मोकळी असेल तर पाण्याच्या मारासरशी बाहेर पडते, बंद केली तर आत चिखल होऊन बसतो आणि पावसाळाभर पत्रा ओला ठेवतो.

रंग पूर्ण कडक व्हायला आम्ही पट्ट्या काही आठवडे बाहेरच ठेवल्या. ताज्या रंगावर नट आवळले की वायसरचा ठसा कायमचा उठतो. बसवायचं काम सकाळी लवकर उरकलं, पत्रा ना गार ना तापलेला असताना. वडील खुर्ची टाकून बसले होते. हौद्याची शेवटची पट्टी बसली तेव्हा ते उठून बोनेटपासून मागेपर्यंत तिच्यावरून हात फिरवत गेले, आणि डाव्या कोपऱ्यावर थांबून म्हणाले की ही आपली जुनी नव्हे. नवी पट्टी त्यांनी हाताने ओळखली.

पहिली फेरी लळिंगच्या घाटापर्यंत. परत आल्यावर प्रत्येक नट तपासला, दोन किंचित सैल होते, तेवढेच आवळले. मे महिन्यात भर दुपारी गाडी तासभर उन्हात उभी करून फटी मोजल्या: हौद्याची पट्टी दोन्ही टोकांना सरकलेली, मधे कुठेही फुगवटा नाही, बोट मारलं तरी खडखड नाही. भावाने स्वतःहून हौद्याच्या मागच्या फाळक्याची पट्टी काढून आणली आहे. ती साखळीच्या मारात येते, त्यामुळे तिला बोल्ट जवळ जवळ लागतील आणि साखळीला रबरी नळीचं आवरण. आप्पांनी बाभळीच्या ठोकळ्यात तिच्या आकाराची दुसरी खाच कोरायला घेतली आहे.